पाण्यासाठी उतरलेली माणसं: गोवा-लिस्बन वाटेवरचं सेंट हेलेना

वारामाप (धागाकर्ता)

सोळाव्या शतकात गोव्याहून किंवा कोचीहून लिस्बनकडे जाणारं पोर्तुगीज जहाज साधारण डिसेंबर-जानेवारीत नांगर उचलायचं आणि सगळं सुरळीत झालं तर पुढच्या उन्हाळ्यात घरी पोचायचं. पोटात मिरी ठासलेली, डेकवरही माल रचलेला, आणि उरलेल्या जागेत माणसं, बिस्किटं आणि पाण्याची पिंपं. लाकडी पिंपातलं पाणी काही आठवड्यांत हिरवट होऊन वास मारू लागतं, बिस्किटांत किडे पडतात, आणि दोन-तीन महिने ताजं काही पोटात गेलं नाही की माणसांच्या हिरड्या सुजायला लागतात. केप ऑफ गुड होपला वळसा घालून अटलांटिकमध्ये शिरल्यावर एक जागा अशी होती, जिथे पाणी, मांस, फळं, भाजी सगळं एकाच थांब्यात मिळायचं. ती म्हणजे सेंट हेलेना. आपण हे बेट नेपोलियनमुळे ओळखतो. पण त्याच्या तीनशे वर्षं आधी तिथे एक माणूस एकटा राहत होता, आणि तो गोव्यातून गेलेला होता. त्याच्यामुळेच हा धागा काढतोय.

आधी बेटाबद्दल. क्षेत्रफळ जेमतेम १२२ चौरस किलोमीटर. आफ्रिकेचा किनारा साधारण १,९०० किलोमीटर दूर. भोवताली काळ्या ज्वालामुखी खडकाचे उभे कडे, आणि त्यांना चिरत खाली येणाऱ्या थोड्याच घळी. त्यांतल्या एका घळीतून गोड्या पाण्याचा ओढा समुद्रापर्यंत येतो. भारतातून परतणाऱ्या जुआंव द नोव्हाच्या ताफ्याला हे बेट १५०२ मध्ये सापडलं असं मानतात. तेव्हा तिथे माणूस नव्हता. पोर्तुगीजांनी बकऱ्या सोडल्या, फळझाडं लावली, घळीत एक छोटं चॅपेल बांधलं, पण वसाहत कधीच केली नाही.

भारताकडे जाताना ही जहाजं सेंट हेलेनाला थांबत नसत. याचं कारण वारा. बेट आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात आहे. केपकडून वर येणाऱ्या जहाजाला हा वारा पाठीमागून मिळतो आणि तो अलगद बेटापाशी आणून सोडतो. लिस्बनहून भारताकडे निघालेल्या जहाजाला तोच वारा तोंडावर येतो. म्हणून ती जहाजं ब्राझीलच्या बाजूला लांब वळसा घालून, खाली दक्षिणेत पश्चिमी वारे पकडून केपकडे यायची. बेट सापडलं ते परतीच्या वाटेवर आणि उपयोगी पडलं तेही परतीच्या वाटेवरच.

आता तो माणूस. फेर्नांव लोपिश हा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याच्याबरोबर गोव्यात आलेला सैनिक. नोव्हेंबर १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचं घेतलं. पुढच्या वर्षी आल्बुकेर्क मलाक्काच्या मोहिमेवर गेला, तेव्हा मागे ठेवलेल्या लोकांत लोपिश होता. आल्बुकेर्क दूर असताना आदिलशाही सरदार रसूल खानाने बाणस्तारीचा किल्ला बळकावून गोवा बेटाची कोंडी केली. काही पोर्तुगीज त्याला जाऊन मिळाले आणि मुसलमान झाले. लोपिश त्यांच्यापैकी एक. १५१२ च्या शेवटी आल्बुकेर्कने बाणस्तारीला वेढा घातला. रसूल खानाने किल्ला सोडताना अट घातली, की आपल्याकडे आलेल्यांना जिवे मारायचं नाही. आल्बुकेर्कने अक्षरशः तेवढंच पाळलं. जीव ठेवला, नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला.

१५१५ च्या डिसेंबरात आल्बुकेर्क वारला. त्यानंतर लोपिश घरी जायला निघाला. जहाज पाणी भरायला सेंट हेलेनाला थांबलं. लोपिश उतरला आणि रानात लपून बसला. त्या चेहऱ्याने पोर्तुगालमध्ये लोकांसमोर जायची त्याची तयारी नसणार, असं मला वाटतं. बरोबरच्यांनी शोधलं, तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी बिस्किटं, सुकं मांस, सुकी मासळी, मीठ आणि थोडे जुने कपडे ठेवून ते निघून गेले. हे सगळं गास्पार कोरेया या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. तो त्याच काळात भारतात होता.

पुढची काही वर्षं अशी गेली: जहाज आलं की लोपिश लपायचा. खलाशी पाणी भरायचे, त्याची गुहा बघायचे, त्याच्यासाठी काहीतरी ठेवून जायचे. एकदा निघणाऱ्या जहाजावरून एक कोंबडा पाण्यात पडला आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. लोपिशने त्याला वाचवलं, आणि तो कोंबडा कुत्र्यासारखा त्याच्या मागे मागे फिरायचा असं कोरेया सांगतो. हळूहळू ठेवून जायच्या वस्तू बदलल्या. बिया आल्या, रोपं आली, कोंबड्या, बदकं, डुकरं, गाभण शेळ्या आल्या. एक हात नसलेला, दुसऱ्याला अंगठा नसलेला हा माणूस जमीन खणत राहिला. डाळिंबं, लिंबं, संत्री, भोपळे, ताड. त्याच्या कष्टाचं पीक दर वर्षी येणाऱ्या जहाजांवरची आजारी माणसं खात होती.

पुढे त्याची कीर्ती लिस्बनला पोचली आणि राजा तिसरा जुआंव याने त्याला बोलावलं. तो गेला. तिथून रोमला जाऊन पोप सातवा क्लेमेंट याच्यासमोर त्याने पापमुक्ती मागितली आणि ती मिळाली. मठात राहायची सोय होत होती, पण ती नको म्हणून त्याने परत बेटावर सोडायची विनंती केली. १५४५ च्या सुमारास तो तिथेच वारला.

१५८८ च्या जूनमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा संपवत आलेला इंग्रज थॉमस कॅव्हेंडिश इथे उतरला. त्याच्या प्रवासवृत्तातली घळ वाचताना मला फार हलल्यासारखं होतं: लिंबं, संत्री, डाळिंबं, अंजिरं, खजूर, पाण्याच्या पाटाकडेने बडीशेप, तुळशीच्या जातीची झाडं, मोहरी, मुळे, आणि डोंगरावर बकऱ्यांचे मैलभर लांबीचे कळप. लोपिशला जाऊन तेव्हा चाळीसेक वर्षं झाली होती. त्यातलं नेमकं किती त्याच्या हातचं, हे वेगळं काढता येणार नाही. पण समुद्रावरचा थांबा आयता मिळत नाही, आपल्या आधी उतरलेल्या कोणीतरी तो राबून तयार केलेला असतो, हे मला या बेटामुळे कळलं.

---

शेवंती

अंगावर काटा आला. कोंबड्याचा भाग दोनदा वाचला. एक अगदी व्यवहाराचा प्रश्न: जहाज तर खोल पाण्यात उभं. मग ओढ्याचं पाणी जहाजापर्यंत न्यायचे कसे? आणि किती न्यायचे?

---

वारामाप

@शेवंती, किती ते आधी. माणशी दिवसाला दोनच लिटर धरा, त्यातच पिणं आणि शिजवणं. ३०० माणसांना दोन महिन्यांसाठी ३६,००० लिटर झालं, म्हणजे ३६ टन. सगळं हाताने.

रिकामी पिंपं होडीतून किनाऱ्यावर आणायची. पिंपं बांधणारा कारागीर प्रत्येक मोठ्या जहाजावर असायचा, कारण फळ्या सुटल्या किंवा लोखंडी पट्टे गंजले की पाणी गळून जायचं आणि ते समुद्रात मध्यावर पोचल्यावर लक्षात यायचं. तो पिंपं तपासायचा, मग ती आतून घासून धुवायची, ओढ्यावर भरायची, बुच ठोकायचं आणि गडगडत पाण्यापर्यंत आणायची.

गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं. त्यामुळे गोड्या पाण्याने काठोकाठ भरलेलं लाकडी पिंपसुद्धा समुद्रात तरंगतं. लाटा जोरात असतील आणि जड पिंप होडीत चढवणं धोक्याचं असेल, तर खलाशी पिंपं दोराने एकमेकांना बांधायचे आणि ती माळ होडीमागे ओढत जहाजापर्यंत न्यायचे. तिथे कप्पी लावून वर घ्यायची. जगभर अनेक ठिकाणी पाणी असंच भरलं गेलंय.

पाण्याच्या जोडीला लाकूड. चूल पेटती ठेवायला सरपण लागतं आणि तेही टनावारी. दुसरी टोळी बकऱ्या पकडायला वर, तिसरी फळांना. कपडे धुणं, शिडं शिवणं, तळाच्या फटी बुजवणं हे सगळं त्याच मुक्कामात.

---

कुंभारजुवेकर

मी बाणस्तारीच्या जवळचाच. पणजी-फोंडा रस्त्यावर कुंभारजुवेच्या कालव्यावरचा बाणस्तारीचा पूल आम्ही रोज ओलांडतो. त्या वेढ्याची माहिती होती, पण तिथे शिक्षा झालेला माणूस अटलांटिकमध्ये जाऊन बाग करतो हे आज कळलं. मनापासून धन्यवाद.

ज्यांनी गोवा पाहिलंय त्यांच्यासाठी: तिसवाडी हे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं बेट आहे, उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी आणि पूर्वेला हा कालवा दोघींना जोडणारा. मुख्य भूमीवरून बेटात शिरायचं तर बाणस्तारी हा सगळ्यात सोपा उतार. किल्ला ज्याच्या हातात, त्याच्या हातात गोव्याचा धान्यपुरवठा. म्हणून रसूल खान तिथे बसला होता.

थांब्यांचा विषय निघालाय तर अंजदीव विसरू नका. काणकोणच्या खाली, कारवारसमोरचं छोटं बेट, गोव्याच्या हद्दीत, आता नौदलाच्या ताब्यात. वास्को द गामा परत जाताना सप्टेंबर १४९८ च्या शेवटी तिथे थांबला. गोडं पाणी होतं. जहाज कलतं करून तळ साफ केला, पाणी भरलं, सरपण घेतलं आणि ५ ऑक्टोबरला निघाला. पुढे जे झालं ते भयंकर आहे. येताना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून कालिकतपर्यंतचा समुद्र त्याने नैऋत्य मोसमी वाऱ्यावर महिन्याच्या आत पार केला होता. जाताना तेच अंतर कापायला जवळपास तीन महिने लागले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ईशान्येचा वारा अजून धरलेला नसतो. कधी वारा पडलेला, कधी उलटा. महिना-दीड महिना थांबला असता तर चित्र वेगळं असतं. अरबी समुद्रावर पिढ्यान्पिढ्या ये-जा करणारे लोक हे जाणून होते आणि त्याप्रमाणेच निघायचे.

---

ताकभात

पेशाने डॉक्टर आहे म्हणून हिरड्यांबद्दल थोडं.

क जीवनसत्त्व आपलं शरीर बनवू शकत नाही. ते पूर्ण बंद झालं तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं सुरू होतात. हे जीवनसत्त्व कोलाजेन तयार व्हायला लागतं, आणि कोलाजेन म्हणजे शरीर एकत्र बांधून ठेवणारा धागा. तो कमकुवत झाला की हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, सांध्यांत रक्त साकळतं, जुन्या भरलेल्या जखमासुद्धा पुन्हा उघडतात. त्याच्याही आधी येते ती विलक्षण मरगळ. खलाशाला आळशी ठरवून मारहाण व्हायची, आणि तो बिचारा मरणाच्या दारात असायचा.

कुंभारजुवेकरांनी सांगितलेल्या त्या तीन महिन्यांत गामाची तीसेक माणसं गेली, आधीच्या टप्प्यांत तितकीच गेली होती. प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगे सात-आठ जण उरले. ७ जानेवारी १४९९ ला मालिंदीला पोचल्यावर त्यांनी सगळ्यात आधी संत्री मागवली. पुढे माणसं पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं.

यातली दिलासा देणारी बाजू अशी, की हा आजार फार लवकर उतरतो. लिंबूवर्गीय फळं किंवा ताजा पाला मिळाला तर काही दिवसांत रक्त थांबतं, माणूस उठून बसतो. पूर्ण बरं व्हायला काही आठवडे. सेंट हेलेनासारख्या ठिकाणी झोळीतून उतरवलेली माणसं चालत परत जहाजावर जायची, यात काडीचीही अतिशयोक्ती नाही.

मला चुटपुट लागते ती वेगळ्या गोष्टीची. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीवर जेम्स लँकेस्टरने आपल्या ‘रेड ड्रॅगन’ जहाजावर रोज सकाळी प्रत्येकाला तीन चमचे लिंबाचा रस दिला. बाकीच्या तीन जहाजांवर तो नव्हता. केपजवळच्या टेबल उपसागरात पोचले तेव्हा त्या तिन्हींवरची माणसं इतकी खचली होती, की त्यांच्या होड्या पाण्यात उतरवायला लँकेस्टरच्या माणसांना जावं लागलं. इतका स्वच्छ पुरावा डोळ्यांसमोर होता. तरी जेम्स लिंडने बारा रोग्यांवर प्रयोग केला तो १७४७ मध्ये, आणि ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र लागू केला १७९५ मध्ये. मधल्या जवळपास दोनशे वर्षांत किती माणसं गेली असतील.

---

प्रश्नचिन्ह

लेख आवडला. सेंट हेलेनाचा शोध २१ मे १५०२ ला लागला असं सगळीकडे वाचलंय, सेंट हेलेनाच्या सणाचा दिवस म्हणून. तुम्ही फक्त वर्ष दिलंय. मुद्दाम?

---

वारामाप

@प्रश्नचिन्ह, हो, मुद्दाम. २१ मे ही तारीख पहिल्यांदा छापील दिसते ती १५९६ मध्ये, यान हाउखन व्हान लिन्सखोटेन याच्या पुस्तकात. हा डच माणूस गोव्यात आर्चबिशपचा सचिव होता आणि १५८९ मध्ये परतताना सेंट हेलेनाला थांबला होता. पण पोर्तुगीज कॅथलिक होते, आणि रोमन कॅथलिक पंचांगात सेंट हेलेनाचा सण १८ ऑगस्टला येतो. २१ मे हा पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा दिवस. म्हणून अलीकडचे अभ्यासक ही तारीख संशयास्पद मानतात.

लिन्सखोटेनने बेटाचं वर्णन मात्र अप्रतिम केलंय. त्याच्या जहाजावर आजारी माणसं होती, पाणी संपत आलेलं, आणि समोर हा हिरवा कडा. देवाने आपल्यासाठीच समुद्रात हे ठेवलंय अशी तिथे येणाऱ्यांची भावना होती असं तो लिहितो.

---

पानगळ

वाचनखूण साठवली. पण एका मुद्द्यावर मी पूर्ण सहमत नाही, आणि तो बाजूला राहू नये म्हणून लिहिते.

“थांबा आयता मिळत नाही” म्हणताना तिथे आधी काय होतं हेही बघायला हवं. सेंट हेलेना लाखो वर्षं एकटं होतं, त्यामुळे तिथली झाडं जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. चरणारं एकही जनावर नसल्यामुळे त्या झाडांना काटे, कडवटपणा असली काही संरक्षणाची सवय नव्हती. तिथे बकऱ्या सोडल्या. मोठी झाडं लगेच गेली नाहीत, पण खालची रोपं एकूण एक खाल्ली गेली. जुनी झाडं म्हातारी होऊन पडली आणि त्यांच्या जागी यायला काही उरलं नाही. मुळं गेल्यावर माती पावसाबरोबर समुद्रात गेली. आज किनाऱ्यालगतचा मोठा पट्टा उघडाबोडका आहे. डार्विन जुलै १८३६ मध्ये तिथे उतरला होता, त्यानेही बकऱ्या आणि डुकरांमुळे जंगल कसं गेलं ते लिहिलंय.

तिथलं एबनी झाड तर नामशेष झालं असंच धरलं होतं. १९८० मध्ये एका कड्यावर त्याची दोन झुडपं सापडली. बकरी पोचू शकत नाही अशा जागी होती म्हणून वाचली. आता बेटावर दिसणारी सगळी एबनी त्या दोघांची संतती आहे. सेंट हेलेना ऑलिव्ह नावाचं दुसरं झाड मात्र २००३ मध्ये कायमचं संपलं. शेवटचं रोप माणसांच्या डोळ्यांदेखत गेलं.

मैलभर लांबीचा बकऱ्यांचा कळप वाचला की तुम्हाला खलाशांचं जेवण दिसतं, मला त्या कळपाखालची जमीन दिसते.

---

वारामाप

@पानगळ, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. या बाजूला मी पुरेसं वजन दिलं नव्हतं.

एक फरक मात्र मला करावासा वाटतो. घळीतल्या बागेने जंगल संपवलं नाही. बाग घळीत पाण्याकाठी होती, थोड्या जागेत, आणि तिला कोणाचा तरी हात सतत लागायचा. बकऱ्या सोडून देण्यात असा हात लागत नाही. सोडायच्या, पुढच्या वर्षी येऊन मारायच्या, मधल्या काळात त्या काय करतात हे बघायला कोणी नाही. त्या काळी जगभरच्या बेटांवर बकऱ्या आणि डुकरं अशीच सोडली गेली, आणि सोडणाऱ्याच्या मनात पुढच्या जहाजाची काळजीच होती. त्याच काळजीतून हे नुकसान झालं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

---

पानगळ

हा फरक पटला. आणि हेही सांगते, की २००० सालापासून तिथल्या लोकांनी उजाड जमिनीवर गमवुड या स्थानिक जातीची हजारो झाडं लावली आहेत, मिलेनियम फॉरेस्ट म्हणून. बेटावरचे सामान्य लोक, शाळेतली मुलं जाऊन लावतात.

---

जहाजी_रत्नागिरी

मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला आहे. शिडाच्या जहाजाचा अनुभव नाही, पण उतरण्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या जहाजावर गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यापासून बनतं. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची उष्णता वापरून, हवेचा दाब कमी ठेवून खारं पाणी कमी तापमानाला उकळतात आणि वाफ गोळा करतात. फ्रेश वॉटर जनरेटर म्हणतात त्याला. त्यामुळे पाण्यासाठी उतरायची वेळ येत नाही. भाजीपाला, मटण, तांदूळ बंदरात शिप चँडलर घेऊन येतो. चीफ कुक आणि कॅप्टन यादी देतात, क्रेनने माल वर. फ्रीजर असल्यामुळे महिनाभर कोबी, गाजर, बटाटे टिकतात, पालेभाजी मात्र पहिल्या आठवड्यातच संपवावी लागते.

म्हणजे उतरायची गरज संपली. आणि तेच आम्हाला जड जातं. कंटेनर जहाज काही तासांत रिकामं होऊन भरून निघतं. बंदर शहरापासून लांब. शोअर पास (किनाऱ्यावर जायचा परवाना) मिळाला तरी वॉच, म्हणजे कामाची पाळी, असेल तर जाता येत नाही. अनेक देशांची नावं माझ्या सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत, शिक्क्यांनी आहेत, पण तिथली जमीन पायाखाली आलेली नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात तर जगभर लाखो खलाशी करार संपल्यावरही जहाजावर अडकून होते. समोर बंदराचे दिवे दिसायचे आणि गँगवे (जहाजाचा जिना) उतरायची परवानगी नाही. त्या वर्षी कळलं, की जमिनीवर दोन पावलं टाकणं हीसुद्धा शरीराची गरज आहे.

लोपिशसाठी बिस्किटं आणि मीठ ठेवून गेलेल्या त्या खलाशांना मी ओळखतो असं वाटलं. ती माणसं अशीच असतात.

---

ताकभात

@जहाजी_रत्नागिरी, शेवटच्या ओळींसाठी तुम्हाला नमस्कार.

---

बावकाठ

मालवणचा आहे. उलट्या बाजूचं उदाहरण देतो. सिंधुदुर्ग किल्ला चारी बाजूंनी समुद्रात, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. लहानपणापासून बघतोय, पण किल्ल्याची जागा निवडताना पाणी किती मोलाचं ठरलं असेल हे हा धागा वाचून नव्याने जाणवलं. ज्या बेटावर पाणी नाही तिथे कितीही भक्कम तट बांधा, वेढा पडला की काही दिवसांत संपलं.

---

मांडवीकाठ

आपल्या काळातलं एक उदाहरण यात हवंच. भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची बोट दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली. दिवाडी म्हणजे कुंभारजुवेकरांच्या शेजारीच. ती घेऊन कॅप्टन दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे थांबे चार: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि मग केप टाउन. नंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमींनी त्याच बोटीवर कुठेही न उतरता प्रदक्षिणा केली.

२०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून गेल्या. एकूण २५४ दिवसांपैकी १९९ समुद्रात, म्हणजे ५५ दिवस बंदरांत. नकाशावर हे थांबे बघा. दक्षिण महासागरात पश्चिमी वाऱ्यांच्या वाटेवर जी थोडी जमीन आहे, तिथेच ते आहेत. ठरवलेल्या चार थांब्यांशिवाय त्यांना मॉरिशसला पोर्ट लुईलाही जावं लागलं, कारण सुकाणूची यंत्रणा बिघडली होती. पाचशे वर्षांपूर्वी जहाज कलतं करून तळ दुरुस्त करायचे, त्याच जातीचं हे काम. बोटीवर पाणी बनवायचं यंत्र असतं, अन्न डबाबंद किंवा वाळवलेलं असतं, पण दोर झिजतात, शिडं फाटतात आणि माणसाला झोप लागते. उतरण्याला पर्याय नाही.

---

शेवंती

वारामाप, अजून एक विचारते. जे आजारी पडून उठूच शकत नव्हते त्यांना बेटावर ठेवून जहाज निघून जायचं का?

---

वारामाप

@शेवंती, हो, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्या भल्यासाठीच असायचं. जहाजावर नेलं तर नक्की मेला असता, बेटावर बरा होण्याची शक्यता होती, पुढचं जहाज त्याला घेऊन जाईल असा हिशोब.

जॉन सेगर नावाचा इंग्रज शिंपी असाच ठेवला गेला होता. ‘रॉयल मर्चंट’ जहाजावर तो मरायला टेकला होता, म्हणून कप्तान केंडलने त्याला सेंट हेलेनाला उतरवलं. १५९३ मध्ये लँकेस्टर (ताकभातांनी ज्याच्याबद्दल लिहिलं तोच, त्याच्या आधीच्या सफरीत) तिथे पोचला तेव्हा सेगर एकटा राहून चौदा महिने झाले होते. तब्येत उत्तम, अंगावर कपडे उरलेले नाहीत, शिवलेली बकऱ्यांची कातडी. बेटाने त्याला पूर्ण बरा केला होता. पण आपली माणसं बघून त्याला इतका आनंद झाला, की त्याची झोपच उडाली. दिवस नाही, रात्र नाही. भ्रमिष्ट झाला आणि आठवड्याभरात गेला.

---

शेवंती

हे वाचून काही सुचेना. लोपिश परत बेटावरच का गेला असेल, ते मात्र आता थोडं समजतंय.

---

प्रश्नचिन्ह

आता तिथे कसं जातात? आणि हे थांबे बंद कधी झाले?

---

वारामाप

@प्रश्नचिन्ह, ईस्ट इंडिया कंपनीने १६५९ मध्ये बेट ताब्यात घेऊन जेम्सटाउन वसवलं. पुढे दोनशे वर्षं भारत आणि चीनकडून परतणारी जहाजं तिथे पाणी, भाजी घ्यायची. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, जहाजं वाफेवर चालू लागली आणि येणाऱ्या जहाजांची संख्या झपाट्याने घसरली.

२०१७ पासून नियमित विमानसेवा आहे, जोहान्सबर्गहून. पण शिडाच्या बोटी अजूनही येतात. केप टाउनपासून साधारण १,७०० सागरी मैल, तोच आग्नेय वारा पाठीशी. जेम्स उपसागरात बोट बोयाला बांधायची, फेरीबोटवाल्याला रेडिओवर हाक मारायची. धक्क्यावर आडव्या दांड्याला जाड दोर लटकवलेले आहेत. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी दोर धरून पायरीवर उडी घ्यायची. समुद्र खवळलेला असेल तर उतरताच येत नाही, बोटीवर थांबून वाट बघावी लागते. वर गेल्यावर कस्टम, इमिग्रेशन, आणि मग शहर. ज्यांना पायांची ताकद आजमावायची असेल त्यांच्यासाठी घळीच्या कडेने ६९९ पायऱ्यांची जेकब्स लॅडर आहे.

---

कुंभारजुवेकर

केपच्या बागेवरही लिहा. डचांनी ती १६५२ मध्ये जहाजांना भाजी पुरवायलाच सुरू केली ना?

---

वारामाप

@कुंभारजुवेकर, हो. यान व्हान रिबेकला पाठवलं तेच मुळी ताजी भाजी, पाणी आणि मांस पुरवायला. पण तिथे खोईखोई लोक आधीपासून गुरं चारत होते. त्या भाजीच्या वाफ्यांपायी त्यांची कुरणं कशी गेली, ही कथा सेंट हेलेनापेक्षा कितीतरी मोठी आणि दुखरी आहे. ती या धाग्यात दोन परिच्छेदांत उरकायला नको. वेगळा धागा काढतो. पानगळ आणि ताकभात, तुम्ही दोघांनी तिकडे नक्की या.